सारंग नावाचे सगळे एका घरचे नव्हेत

दापोलीकडच्या किनाऱ्यावरच्या एका गावातून एका आजींचा प्रश्न आलाय. नातवाचं बारसं पंधरा दिवसांवर आहे. नाव ‘सारंग’ ठेवायचं इथपर्यंत घरात एकमत, पण सारंग म्हणजे काय यावर रोज जेवताना खडाजंगी. मुलगा गाणं शिकलेला, त्याच्या मनात राग सारंग. सून कोरियन मालिका बघते. तिच्या मते ‘सारांग’ म्हणजे प्रेम, आणि याहून चांगलं नाव मिळायचं नाही. आजींचे यजमान बोटीवरून सारंग, म्हणजे खलाशांचे प्रमुख, म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणतात, हे आमच्या धंद्याचं नाव, त्यात राग नि प्रेम कुठून घुसलं? पुतण्या इंडोनेशियात नोकरीला, त्याने फोनवर कळवलं की तिकडे सारंग म्हणजे घरटं. धाकटे दीर म्हणाले, त्यापेक्षा सरंगा ठेवा, निदान तळून तरी खाता येईल. त्यात नात्यातल्या कुणीतरी मोबाइलवर एक मजकूर धाडला: ‘सारंग’ मूळचा संस्कृत ‘स-रंग’, म्हणजे रंगासहित, आणि तोच जगभर फिरून त्याचे नायक, घरटं, प्रेम असे अर्थ झाले. आजी विचारतात, यातलं खरं काय? आणि पत्रिकेत अर्थ छापायचा तर कुठला?

ताई, आधी निकाल सांगतो, मग हिशेब मांडतो. तुमच्या घरातले चौघेही खरं बोलतायत. रागाचा सारंग संस्कृत, बोटीवरचा फारसी, घरट्याचा मलय, प्रेमाचा कोरियन. चारही शब्द आपापल्या जागी पक्के, आणि चौघांचं एकमेकांशी काडीचं नातं नाही. खोटा आहे तो फक्त मोबाइलवरचा मजकूर. दिरांच्या सरंग्याला मी हात लावत नाही, तो तव्यावरच बरा.

हे मी जरा ठासून सांगतोय, कारण याच शब्दावर मी एकदा तोंडघशी पडलोय. किनाऱ्यावरच्या बोलींतले दर्यावर्दी शब्द गोळा करायचं माझं काम. पंचवीसेक वर्षांपूर्वी खाडीकाठच्या एका वाचनालयात त्यावर बोलायला गेलो होतो. बोटीवरचा सारंग मी बिनदिक्कत संस्कृतच्या पदरात टाकला. सारंग म्हणजे चित्रविचित्र, रंगीबेरंगी, बोटीवर निशाणं असतात, निशाणं रंगीत, झालं! लोकांनी टाळ्याही दिल्या. मागच्या बाकावरून एक म्हातारे चाचा उठले नि म्हणाले, “मास्तर, सारंगाच्या वर कोण? नाखवा. खाली कोण? सुकाणी, खलाशी. उभे कुठे? बंदरात. सगळी नावं तिकडची. मग मधे हा एकटाच भटजी कुठून आला?”

सभा हसली. मीही हसलो, पण घरी येऊन कोश उघडले तेव्हा घाम फुटला. चाचांनी एका वाक्यात जी कसोटी लावली, ती मी पुस्तकं वाचूनही लावली नव्हती. धंद्याचा शब्द एकटा येत नाही. तो आपल्या खात्यातल्या भावंडांसकट येतो. नाखवा फारसीतल्या ‘नाखुदा’वरून, नावेचा धनी या अर्थी. बंदर फारसी. सुकाणू अरबी ‘सुक्कान’, आणि ते धरणारा तो सुकाणी. खलाशी अरबी मुळावर फारसी घाट चढलेला. सारंगाच्या हाताखालचा टंडेल तेवढा दक्षिणेकडून, द्राविडी भाषांमधून चढला बोटीवर. या कळपात सारंग उभा आहे, तर त्याची चौकशी आधी कळपातच करायची, आणि तिथे उत्तर नाही मिळालं तरच बाहेर जायचं.

उत्तर तिथेच मिळतं. फारसीत ‘सरहंग’ शब्द आहे. ‘सर’ म्हणजे डोकं, मुख्य. ‘हंग’ म्हणजे फौजेची तुकडी. सरहंग म्हणजे तुकडीचा म्होरक्या. आजच्या इराणी सैन्यातही कर्नलला सरहंगच म्हणतात. शब्द घाईत म्हणून बघा: सरहंग, सर्‌हंग, सरंग. मधला ‘ह’ लाटेवर टिकत नाही. आणि आपल्याकडे ‘सारंग’ हा संस्कृत शब्द आधीच ओळखीचा असल्यामुळे पहिला ‘स’ लांबून त्याच साच्यात जाऊन बसला. अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दाचे कपडे घालायची लोकांना हौस असते. इंग्रजांना आपला सारंग ठाऊक नव्हता, त्यांनी आपल्या कागदांत ‘सेरांग’ लिहिलं. तेच रूप पुढे कायद्यात शिरलं. नद्या-खाड्यांतल्या वाफेच्या बोटींसाठी १९१७ साली केलेल्या कायद्यात मास्टरच्या जोडीला सेरांगचं प्रमाणपत्र होतं.

फौजेतला शब्द बोटीवर कसा गेला, हे विचाराल म्हणून सांगतो. हा एकटा गेला नाही. आपण ज्याला लष्कर म्हणतो तो फारसी शब्दही बोटीवर गेला, आणि साहेबाच्या जहाजांवरच्या हिंदुस्थानी खलाशांना ‘लस्कर’ म्हणू लागले. एक शब्द फौजेतून डेकवर गेला असता तर मी शंका घेतली असती. दोघे हातात हात घालून गेले म्हटल्यावर वाट मळलेली होती हे उघड आहे. आपल्या अलिबागकडच्या अष्टागरात तर याचा सख्खा भाऊ राहून गेला. कान्होजी आंग्रे, १७२९ साली वारले, त्यांचा किताब ‘सरखेल’. तोही फारसी: सर म्हणजे मुख्य, खेल म्हणजे जथा. सरखेल आरमाराचा आणि सारंग डेकवरच्या माणसांचा, इतकाच फरक. सरदार, सरनौबत, सरपंच, सरकार, सगळ्यांच्या डोक्यावर हेच ‘सर’ आहे.

इथे एक गंमत. हे फारसी ‘सर’ आणि आपलं ‘शिर’ मात्र खरोखरच सख्खे. सारखे दिसतात म्हणून नव्हे, तर ठरलेल्या नियमाने बदललेत म्हणून. संस्कृतातल्या ‘श’च्या जागी फारसीत ‘स’ येतो, आणि तो सारखा येत राहतो: शत तिकडे सद, श्वेत तिकडे सफेद, शिर तिकडे सर. असा बदल एका शब्दात सापडला तर योगायोग म्हणता येईल. ओळीने सापडला तर दोन्ही भाषा एका पूर्वजाच्या. त्यामुळे तुमच्या यजमानांच्या हुद्द्यात संस्कृतचा दूरचा चुलतभाऊ बसलाय, पण तो ‘सारंग’ नाही, ‘शिर’ आहे. मजकूर पाठवणाऱ्यांना हे सांगितलंत तर ते खूश होतील नि पुढचा मजकूर आणखी चुकीचा लिहितील, तेव्हा बेताने सांगा.

चाचांनी त्या दिवशी मला घरी नेलं. ओटीवर चहा आला, मग आतून त्यांनी नळी आणली. बोटीवरच्या नोकरीच्या दाखल्याच्या पुस्तकाला जुने लोक नळी म्हणतात, कारण पूर्वी हे कागद भिजू नयेत म्हणून पत्र्याच्या नळीत घालून ठेवत. चाचांच्या पुस्तकात एकेका सफरीचे शिक्के होते. कुठे चढले, कुठे उतरले, वर्तणूक कशी. त्यांनी बोट ठेवून मला एक शिक्का दाखवला, इराणातल्या खुर्रमशहर बंदराचा. शहाच्या अमदानीतली गोष्ट. धक्क्यावर माल उतरत होता, आणि मागून कुणीतरी खणखणीत हाक मारली, “जनाबे सरहंग!” चाचा गर्रकन वळले. त्यांना वाटलं, सारंगाला एवढ्या अदबीने बोलावणारा कोण भेटला? बघतात तो एक इराणी लष्करी अंमलदार गाडीतून उतरत होता आणि शिपाई त्याला सलाम ठोकत होते. “तेव्हा कळलं,” चाचा म्हणाले, “आम्ही कुणाची टोपी घालून फिरतो ते.”

इतका साधा पुरावा मला कोशात मिळाला नव्हता. शब्दाचं मूळ शोधताना कोश लागतोच, पण तो शब्द ज्याच्या गळ्यात असतो त्याला विचारायचं राहिलं की माझ्यासारखी फजिती होते. सारंगाच्या बाबतीत तर ‘गळ्यात’ हे अक्षरशः खरं. जुने सारंग चांदीच्या साखळीत शिट्टी अडकवून गळ्यात घालत आणि तिच्या सुरावर डेकवरची माणसं हलत. रत्नागिरीकडच्या माणसांनी साहेबाच्या कंपन्यांची डेकं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. सारंग, टंडेल, कसब, सुकाणी, खलाशी, आणि त्यांच्या पोटापाण्याचा भंडारी. आता सारंगाला बोसन म्हणतात. नळीचं सीडीसी, म्हणजे कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेट, झालं.

आता मुलाचा सारंग. हा मात्र अस्सल संस्कृत, आणि ‘रंग’ त्यात कुठेच नाही. फोड आहे सार अधिक अंग. इथे सार म्हणजे मराठीतलं ‘तात्पर्य’ नव्हे, तर शबल, ठिपकेदार, कबरं. ज्याचं अंग ठिपक्याठिपक्यांचं तो सारंग. आता तुम्ही म्हणाल, सूर्य आणि अस्त मिळून सूर्यास्त होतो, मग सार आणि अंग मिळून ‘सारांग’ व्हायला हवं. बरोबर आहे, आणि हा प्रश्न वैयाकरणांनाही पडला होता. त्यांनी त्यासाठी खास सवलत नोंदवून ठेवली: पशू किंवा पक्षी असा अर्थ असेल तर ‘सारंग’, एरवी ‘सारांग’. लोकांच्या तोंडी शब्द रुळलेला होता, नियमालाच वाकावं लागलं. मला ही नोंद फार आवडते. व्याकरण लोकांच्या मागून चालतं याची ती सहीशिक्क्यानिशी कबुली आहे.

पशू म्हणजे हरिण, पक्षी म्हणजे चातक. अमरकोशात दोन्ही अर्थ आहेत, आणि विशेषण म्हणून ‘कबरा’ हाही. कालिदासाच्या शाकुंतलात अगदी सुरुवातीला दुष्यंताला जे ओढून नेतं ते हरिण सारंगच. पुढे कवींनी या शब्दावर भुंगा, हत्ती, मोर असं काय काय लादलं. श्लेष करायला सोयीचा शब्द, त्यामुळे बिचाऱ्याला सुट्टी मिळाली नाही. राग सारंग याच नावाने चालतो. तुमचा मुलगा वृंदावनी गात असेल तर गंधार-धैवताशिवाय, भर दुपारी, वैशाखात पंख्याखाली. हरिण रानात सावली शोधत असतं त्या वेळेचा राग, असं मला आपलं वाटतं. याला पुरावा मागू नका.

एका गोंधळापासून मात्र जपा. सारंगधर, सारंगपाणी ही विष्णूची नावं या हरणाची नाहीत. ती ‘शार्ङ्ग’ची. शृंग म्हणजे शिंग, शिंगाचं केलेलं धनुष्य ते शार्ङ्ग. देवगिरीच्या यादवांकडे १३ व्या शतकात संगीतशास्त्र लिहिणारा शार्ङ्गदेव, तोही या शिंगाचा. मराठी जिभेला ‘शार्ङ्ग’ पेलवेना, तेव्हा तो सारंगाच्या वेशात फिरू लागला. म्हणजे एकट्या मराठीतच तीन सारंग एका पाटावर जेवतायत: अंगाचा, शिंगाचा आणि सरहंगाचा. सारंगी वाद्याला ‘सौ रंगी’ म्हणणारे कलावंत मला भेटलेत. म्हणू दे बापडे, त्यांच्या हातून वाजते छान.

पुतण्याचं घरटं सांगतो. मलय आणि इंडोनेशियन भाषेत ‘सारांग’ म्हणजे घरटं हे खरं. कोळी किड्याचं जाळं तेही सारांग, मुंग्यांचं वारूळ तेही. फुटबॉलची बातमी सांगणारे चेंडू गोलात ‘बेरसारांग’ झाला म्हणतात, म्हणजे जाळीत जाऊन घरटं करून बसला. ही भाषा ज्या कुळातली, त्या कुळाचा संस्कृतशी, फारसीशी रक्ताचा संबंध नाही. तिने संस्कृतातून शेकडो शब्द उसने घेतले, सिंहाचा ‘सिंगा’ केला, त्यावरून सिंगापूर झालं, भाषेला ‘बहासा’ म्हटलं. पण घरटं तिचं स्वतःचं. उच्चारही ऐका. आपल्या सारंगाच्या शेवटी ‘ग’ ऐकू येतो. त्यांचा शब्द ‘ङ’वर थांबतो, ‘ग’पर्यंत जातच नाही.

आणि गंमत अशी की तुमच्या यजमानांचा हुद्दाही मलयमध्ये पोचलाय, पण दुसऱ्या रूपात: ‘सेरांग’. बोटीवरच्या खलाशांचा प्रमुख. त्याच्याबरोबर नाखवा ‘नाखोदा’ होऊन गेला, खलाशी ‘कलासी’ होऊन गेला, आणि बंदराचा अधिकारी शाहबंदर ‘शाहबान्दार’ होऊन गेला, तो तिथे अजून त्याच कामावर आहे. चाचांचा कळप इथेही पूर्ण. म्हणजे मलयमधला जो शब्द आपल्या सारंगासारखा हुबेहूब दिसतो तो परका, आणि जो जरा वेगळा दिसतो तो आपला. शब्दांच्या धंद्यात हे नेहमीचं आहे.

घरट्यावरून आठवलं. मलय मुलखात ‘सारांग वालेत’ची मोठी उलाढाल चालते. वालेत म्हणजे पाकोळीच्या जातीचा पक्षी. तो आपल्या लाळेचं घरटं बांधतो आणि चिनी लोक त्याचं सूप करतात. त्यासाठी तिकडे सिमेंटच्या बिनखिडक्यांच्या इमारती बांधून आत पाकोळ्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज लावतात. हे ऐकून नाक मुरडू नका, त्यांचे भाऊबंद आपल्या दारात आहेत. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात जे खडकांचे बेट आहेत, त्यांच्या गुहांत याच कुळातली पाकोळी घरटी करते. तिच्या लाळेत गवत-पिसं मिसळलेली असतात. तरी त्या घरट्यांचीही चोरटी तोड झाली होती. आता पक्ष्याला कायद्याचं संरक्षण आहे. तेव्हा पुतण्याला सांगा, सारंग म्हणजे घरटं हा अर्थ कोकणाला अगदीच परका नाही, फक्त शब्द परका आहे.

पुतण्याची आणखी एक गंमत करा. त्याला विचारा, तिकडे ‘पगार’ म्हणजे काय? मलयमध्ये पगार म्हणजे कुंपण. समाजमाध्यमांवर आपण शब्दाआधी जे उभ्या-आडव्या रेघांचं जाळीदार चिन्ह लावतो त्याला इंडोनेशियात ‘तांदा पगार’, कुंपणाची खूण, म्हणतात, आणि त्याचं छोटं करून ‘तागार’. आपला पगार पोर्तुगीज. त्यांच्याकडे ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणे, आणि तो लॅटिन ‘पाकारे’वरून, म्हणजे शांत करणे. सावकाराला गप्प केलं की देणं फिटलं. तुम्हाला वाटेल मलय लोकांनीही तो पोर्तुगीजांकडून घेतला असेल, कारण १५११ साली पोर्तुगीजांनी मलाक्का घेतलं होतं. पण नाही. जावानीजमध्ये कुंपणाला ‘पगेर’ म्हणतात, आणि मलयमध्ये जिथे असा ‘अ’ येतो तिथे जावानीजमध्ये ‘ए’सारखा दबका स्वर येतो, हे ठरलेलं आहे. रात्र तिकडे ‘मालाम’ तर इकडे ‘मालेम’, आत तिकडे ‘दालाम’ तर इकडे ‘दालेम’. शिर-सरचाच प्रकार. शब्द घरचा आहे याची ती पावती. आणि योगायोगावर योगायोग असा की मलयमध्ये म्हण आहे, ‘पगार माकान तानामान’. अर्थ? कुंपणच शेत खातं.

अशी जोडी सापडली की आमच्यातले हौशी लोक उड्या मारतात. लॅटिनमध्ये तर ‘पाकारे’च्या मुळातूनच रोवलेल्या खुंटाचा शब्दही निघालाय, आणि खुंटांचंच कुंपण होतं! एवढ्यावर कुणी पुस्तक लिहील. पण लॅटिन खुंट मलय बेटावर कोणत्या गलबतातून गेला, कधी गेला, वाटेत कुठल्या बंदरात उतरला, हे विचारलं की गाडी थांबते. आपल्या ‘जुगार’चंही तेच. पोर्तुगीजमध्ये खेळणं, जुगार खेळणं याला ‘झुगार’ म्हणतात, पगारासारखंच रूप. पण जुगार पोर्तुगीजांनी आणलेला नाही. हिंदीचा जुआ, जुआरी आणि आपला जुगार हे सगळे संस्कृत ‘द्यूत’च्या घरचे. पांडवांना वस्त्रं गमवायला पोर्तुगीजांची वाट बघावी लागली नव्हती.

आता सूनबाई. कोरियनमध्ये ‘सारांग’ म्हणजे प्रेम, आणि मालिकांमध्ये जे ‘सारांगहे’ ऐकू येतं त्यातलं ‘हे’ म्हणजे ‘करते’ किंवा ‘करतो’. कोरियन लोकांनी स्वतःची लिपी १४४३ साली तयार केली, १४४६ साली जाहीर केली, आणि त्या शतकातलं त्यांचं लिखाण आज वाचता येतं. त्यात या शब्दाचा अर्थ ‘विचार करणे, मनात आणणे’ असाही आहे. एखाद्याला सारखं मनात आणणं, मग त्याच्यावर जीव लावणं, असा तो हळूहळू प्रेमापर्यंत आला. काही अभ्यासक त्याची नाळ ‘विचार करणे’ या अर्थाच्या एका चिनी शब्दाशी जोडतात. पण हरणाशी, चातकाशी, रंगाशी नाही. ज्या शब्दाचा मुळात अर्थ ‘विचार’ होता, त्याला ‘रंगासहित’मधून काढायचं तर मधे बरेच खोटे पूल बांधावे लागतील.

कोरियनमध्ये दुसराही एक सारांग आहे. जुन्या घरात पुरुषांची बसायची, पाहुण्याला बसवायची खोली, तीही सारांग. हा शब्द चिनी अक्षरांचा, प्रेमाशी संबंध नाही. आपल्या घरची ओटी म्हणा ना. यजमान जिथे बसून ‘प्रेम कुठून आलं’ म्हणतात, ती जागाही कोरियनमध्ये सारांगच.

कोरियन आणि भारत म्हटलं की हल्ली एक गोष्ट हमखास निघते: अयुता देशातून (लोक त्याला अयोध्या समजतात) समुद्रमार्गे कोरियात गेलेली राणी. ती कथा कोरियाच्या १३ व्या शतकातल्या ग्रंथात आहे. ती सांगून लोक म्हणतात, बघा, तिकडे वडलांना ‘आप्पा’ म्हणतात, आपल्याकडेही आप्पा! अहो, दात न आलेल्या बाळाला ओठ मिटून उघडता येतात, त्यातून प, ब, म निघतात, आणि जगभरच्या आईबापांना वाटतं आपल्यालाच हाक मारली. तुमचा नातू येत्या वर्षात हा प्रयोग घरच्या घरी करून दाखवेल.

संस्कृतातून कोरियनमध्ये खरोखर गेलेले शब्द आहेत, पण ते बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे गेले आणि वाटेत ओळखू येईनासे झाले. संस्कृत ‘क्षण’ चिनी अक्षरांत शिरला आणि कोरियनमध्ये ‘चाल्ना’ झाला, अर्थ तोच, पळभर. ‘ध्यान’ तिकडे ‘सॉन’ झालं, जपानात ‘झेन’. एवढ्या लांबच्या प्रवासात शब्द झिजणारच. म्हणून कुणी मला दोन हजार कोसांवरचा शब्द आणून दाखवला आणि तो आपल्या शब्दासारखा कोराकरकरीत असला, तर माझा पहिला संशय तिथेच. पूर्वापार भाऊबंद असता तर चेहरा बदलला असता. हल्लीच गेला असता तर कोणी नेला ते सांगता आलं असतं.

मग इतके सारखे शब्द निघतातच कसे? माणसाच्या तोंडात आवाज मोजके. स, र, न-ङ आणि आ हे सगळ्यांत स्वस्त माल, बऱ्याच भाषांच्या दुकानात मिळणारे. मलय आणि कोरियनमध्ये तर ‘ङ’वर संपणारे शब्द पोत्याने आहेत. दोन अक्षरी शब्द करायचा, स्वस्त आवाजांतून करायचा, तर कुठे ना कुठे टक्कर होणारच. आपल्या शेजारीच बघा. हर्णै बंदराची पाटी वाचून हिंदी मुलखातले पाहुणे माकडं शोधतात. त्यांचा बंदर वानरापासून, आपलं बंदर फारसीतून. दोन्ही भाषा सख्ख्या बहिणी, आणि शब्द परके. तिकडे मलय भाषा परकी, आणि तिच्यातलं बंदर आपलंच.

पत्रिकेचं म्हणाल तर अर्थ छापायचाच असेल तर हरिण किंवा चातक छापा, कारण देवनागरीत ‘सारंग’ लिहिलंत की शब्द त्याच घरात जाऊन बसतो. सूनबाईंना सांगा की कोरियन माणसाला तुमचा सारंग ऐकून प्रेमच ऐकू येईल, शेवटचा ‘ग’ जरा गिळला तर हुबेहूब. रंगाचं काही छापू नका, एवढी एक विनंती.

आणि माझं एक काम करा. यजमानांना विचारा, त्यांच्या वेळी सारंगाच्या शिट्टीचे हुकूम कसे होते. एक लांब शीळ म्हणजे काय, दोन आखूड म्हणजे काय, दोरखंड खेचायची शीळ वेगळी होती का, आणि ‘थांबा’ कशी वाजवत. चाचांकडून ते विचारून घ्यायचं माझ्याकडून राहिलं, आणि आता ते नाहीत. शब्द बरेच जमलेत माझ्याकडे; शिट्ट्या एकही नाही. नातवाला मांडीवर घेऊन यजमान एकदा वाजवून दाखवतील, तेव्हा मोबाइलवर तेवढं रेकॉर्ड करून पाठवा.